लेयाच्या हातातलं लाइटसेबर

(परभणीत वाचकांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, आज ज्या कादंबरीची बाजू घ्यायला मी उभा आहे, ती सगळीकडून उत्तम जमलेली नाही. तरी ती मला मनापासून आवडते. अ‍ॅलन डीन फॉस्टर यांची ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’, साल १९७८.

‘स्टार वॉर्स’ या अवकाशातल्या साहसकथेचा पहिला सिनेमा मे १९७७ मध्ये लागला. त्याचं कादंबरीरूप फॉस्टर यांनीच लिहिलं होतं, पण ते निघालं सिनेमाचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या नावानं. सिनेमा बेताचाच चालला तर दुसरा भाग कमी पैशांत काढता यावा, म्हणून लुकास यांनी पुढची गोष्टही त्यांच्याकडूनच लिहून घेतली. एवढं ध्यानात ठेवलं की पुस्तकातल्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. सगळं कथानक मिंबन नावाच्या ग्रहावर, धुक्यात नि चिखलात का घडतं? धुक्यात सेटचा खर्च वाचतो. पहिल्या सिनेमातला तस्कर हान सोलो कुठं गेला? त्याचं काम करणारे हॅरिसन फोर्ड पुढच्या सिनेमासाठी करारबद्ध नव्हते. सुरुवातीला अवकाशातली एक लढाई होती, तीही खर्चापायी गळाली.

लोक नाक मुरडतात ते नायक ल्यूक राजकन्या लेयाकडं ज्या नजरेनं बघतो त्यावर. पण ही दोघं भाऊबहीण आहेत हे पडद्यावर आलं १९८३ साली! फॉस्टर यांना ते कुठून ठाऊक असणार? आपल्या अजिंठ्याचं चोविसावं लेणं बघा. अर्धवट राहिलंय, छिन्नीचे घाव तसेच आहेत. पण लेणं वरून खाली कसं कोरत आणायचे, हे तिथंच नीट कळतं. या कादंबरीतही तसंच आहे. पुढं कुठं जायचं हे गोष्टीचं अजून ठरलेलं नाही, आणि ते न ठरलेपण मला फार आवडतं.

जे खटकतं ते खटकतंच. तिथले मूळ रहिवासी ठरीव साच्यातली रानटी टोळी म्हणून येतात. लेया आपली नोकर आहे हे सोंग वठवायला ल्यूक तिला चारचौघांत थोबाडीत मारतो. ते पान मला आजही सहन होत नाही. शेवटी जखमा कथेतल्या एका जादुई स्फटिकाच्या शक्तीनं भरून येतात, हीसुद्धा लेखकानं काढलेली सोयीची पळवाट.

आणि तरीही शेवटच्या मंदिरातला प्रसंग वाचा. ल्यूक दगडाखाली अडकलेला, समोर जुलमी साम्राज्याचा खलनायक डार्थ व्हेडर. लेया ल्यूकचं लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, उचलते आणि व्हेडरला भिडते. ती जखमी होते, पण हटत नाही. मूळच्या तिन्ही सिनेमांनी तिला ही संधी एकदाही दिली नाही.

२०१४ साली या साऱ्या जुन्या कादंबऱ्या ‘लेजेंड्स’ ठरल्या, म्हणजे अधिकृत कथेतून बाहेर गेल्या. पण मिंबन आणि त्याचा चिखल २०१८ च्या ‘सोलो’ सिनेमात परत आलाच.

वाचणार असाल तर नंतरचे सिनेमे बाजूला ठेवून वाचा. जमिनीखालच्या तळ्याचा भाग मात्र घाईनं उलटू नका. लेयाला पोहता येत नाही. साम्राज्याशी झुंजणारी ही बाई पाण्याला घाबरते, आणि ते ल्यूकला सांगून टाकते.