सामान भेटते का?

[दृश्य : गोंदिया जिल्हा, बिरसी. विमानतळाची भिंत, अलीकडे धानाच्या बांध्या. पावसाची भुरभुर.]

आषाढ लागला. बांधीत चिखल झालाय, पऱ्हे उपटायला आलेत, आणि केजव्हील लावलेला ट्रॅक्टर तीन दिवसांपासून जागचा हललेला नाही. हायड्रॉलिक पंप गेलाय. मालक धुऱ्यावर बसून सांगतात, "टॅक्टर वाईट नाही जी. भाव पाहून नव्या कंपनीचा घेतला. पर सामान गोंदियात भेटत नाही, भंडाऱ्यात भेटत नाही." नव्या कंपनीच्या छोट्या जेट विमानाचंही दुखणं हेच.

डोक्यावर प्रशिक्षणाचं छोटं विमान घिरट्या घालतंय. त्याच्याकडे इथं कुणी मान वर करून बघत नाही. प्रवासी विमानाचं तसं नाही. मार्च 2022 मध्ये बिरसीहून नियमित प्रवासी सेवा सुरू झाली, ती टिकली नाही. डिसेंबर 2023 मध्ये इंडिगोनं हैदराबादमार्गे तिरुपती जोडलं. विमान एटीआर 72, पंखेवालं.

या मार्गाला जेट का नाही? इथून हैदराबाद सरळ रेषेत पाचशेएक किलोमीटर. एवढ्या पल्ल्यात जेट थोडीच मिनिटं वाचवतं आणि इंधन जास्त पितं. म्हणजे छोट्या गावाला येऊ पाहणाऱ्या नव्या जेटची पहिली गाठ पंखेवाल्याशी. पल्ला वाढला की समोर ब्राझीलची विमानं बनवणारी कंपनी एम्ब्रेयर उभी.

[दृश्य : धावपट्टीवर उतरणारं एटीआर. भिंतीला टेकवलेल्या सायकली.]

एम्ब्रेयर 1969 सालची. तिची ई-जेट विमानं दीड हजारांहून जास्त विकली गेली, आपल्याकडे स्टार एअर 76 आसनांचं ई-175 उडवते. इतकी विमानं फिरत असली की सुटे भाग ठेवणारी गोदामं होतात, हात बसलेले मेकॅनिक मिळतात, वैमानिकांच्या सरावाचे सिम्युलेटर उभे राहतात. जुनं विमान घ्यायलाही गिऱ्हाईक असतं. विमान भाड्यानं देणारी कंपनी हेच आधी विचारते : दहा वर्षांनी हे कोण घेईल? ट्रॅक्टर घेताना आपणही विचारतोच की.

जपानच्या मित्सुबिशीचं उदाहरण चटका लावणारं आहे. बोइंग 787 चे पंख हीच कंपनी बनवते. (त्याच विमानाच्या फरशीखालच्या कंपोझिट तुळया नागपूरच्या मिहानमध्ये तयार झाल्या आहेत, हे जाता जाता.) पंख येतात म्हणून अख्खं विमान येतंच असं नाही. 2008 साली त्यांनी आपलं प्रादेशिक जेट जाहीर केलं. ते उडालं 11 नोव्हेंबर 2015 ला, आणि उडालंही छान. अडलं उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्रापाशी. सुरक्षिततेच्या कसोट्यांसाठी तारांची मांडणी नव्यानं करावी लागली, तारखा पुढे पुढे गेल्या. त्यात अमेरिकेतल्या मोठ्या एअरलाइन्सचे वैमानिक-संघटनांशी करार : त्यांच्यासाठी उडणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या जेटला 76 आसनं आणि 86,000 पौंड वजन, त्यापुढे नाही. मित्सुबिशीचं मोठं मॉडेल त्यात बसेना. फेब्रुवारी 2023 मध्ये प्रकल्प गुंडाळला. एकही विमान गिऱ्हाइकाच्या हाती पडलं नाही.

कॅनडाच्या बॉम्बार्डिएचं सी-सीरीज विमान मात्र खरोखर चांगलं निघालं. पण खर्चानं कंपनी वाकली. त्यात बोइंगच्या तक्रारीवरून अमेरिकेनं किमतीच्या जवळजवळ तिप्पट आयातशुल्काचा बडगा उगारला. तो जानेवारी 2018 मध्ये बारगळला, पण तोवर कंपनीनं एअरबसचा हात धरला होता. जुलै 2018 पासून बहुमताचा वाटा एअरबसकडे. आज तेच विमान ए-220 नावानं उडतं. पीक एकाचं, खळं दुसऱ्याचं.

[दृश्य : ट्रॅक्टरखाली आडवा झालेला मिस्त्री. हातात पाना.]

आता आपल्या दाराशी आलेली गोष्ट. 27 ऑक्टोबर 2025 ला हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं रशियाच्या कंपनीशी एसजे-100 भारतात बनवण्यासाठी सामंजस्य करार केला. शंभरेक आसनांचं हे जेट म्हणजे 2008 साली पहिल्यांदा उडालेल्या सुपरजेटची नवी आवृत्ती. मूळ सुपरजेट मेक्सिकोच्या इंटरजेटनं 22 घेतली होती. फ्रेंच-रशियन इंजिनात दोष निघाले, सामान वेळेवर येईना, आणि काही विमानांचे भाग काढून बाकीची उडवायची पाळी आली. युक्रेन युद्धावरून 2022 मध्ये रशियावर निर्बंध लागले, त्यानंतर फ्रान्सकडचा आधारही गेला. म्हणून आता रशियानं स्वतःचं पीडी-8 इंजिन बसवलंय.

विमान भारतात जुळवलं तर सुटे भाग घराजवळ मिळतील, हा या कराराचा खरा जोर. पण जुळवणी इथं आणि इंजिन मॉस्कोच्या भरवशावर, असं झालं तर ट्रॅक्टरमालकाचा तोच प्रश्न उरतो. माझ्या मते विक्रीच्या कागदाआधी गोदामाचा पत्ता मागायला हवा.

[दृश्य : एसटीच्या टपावरून उतरणारा खोका. पुन्हा बांधी.]

चौथ्या दिवशी दुपारच्या एसटीनं नागपूरहून पंप आला. मिस्त्रीनं चिखलाचे हात धोतराला पुसले, खोका फोडला. पंपाकडे बघितलंही नाही, तळाशी बोटं घालून चाचपू लागला.

"वायसर देल्ले का नाही, पायतो."