प्रिन्स पहिला, प्रिन्स दुसरा

(नौपाड्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'प्रिन्स ऑफ पर्शिया : दोन भागांची तुलना'. तो वाचून मघाशी दोन काकांनी मला इराणच्या शहाबद्दल विचारलं. काका, हा कॉम्प्युटर गेम आहे, शहाचा आणि याचा काही संबंध नाही, पण आलाच आहात तर बसा, पंखा चांगला आहे. (हशा) ठाण्यात तसंही गल्लोगल्ली व्याख्यानमाला आहे. वेदान्तापासून वजन कमी करण्यापर्यंत सगळे विषय होऊन गेले, म्हणून माझा नंबर लागला.

सात वाजता हा हॉल भजनी मंडळाला द्यायचाय. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो, नंतर वेळ राहील न राहील. पहिल्या 'प्रिन्स'ला सगळे चांगला म्हणतात आणि कारण विचारलं की 'आठवणी' म्हणतात. मला ते पटत नाही. आठवणी वेफर्सच्याही असतात. पहिला भाग चांगला आहे कारण तो जे विचारतो ते आधी शिकवतो. दुसरा पोर्शनबाहेरचा प्रश्न टाकतो. बस. आता हे सिद्ध करायचंय.

ज्यांनी खेळलाच नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. सुलतान लढाईवर गेलाय, वझीर जाफर सत्ता बळकावून बसलाय. राजकन्येला तो एक तासाची मुदत देतो: माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. समोर वाळूचं घड्याळ. आपण तळघरात, अंगात पांढरे कपडे, हातात काही नाही. साठ मिनिटांत बारा लेव्हल चढून वर जायचं. ही साठ मिनिटं खरीखुरी, तुमच्या मनगटावरची. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मागे जात नाही.

हे केलं जॉर्डन मेकनर नावाच्या पंचविशीतल्या एका अमेरिकन पोराने, जवळजवळ एकट्याने. १९८९ साली अ‍ॅपल टू कॉम्प्युटरवर आला, ब्रॉडरबंड कंपनीने काढला, पुढच्या वर्षी डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या पीसीवर. आपण पाहिला तो डॉसवाला. त्यातली उडी, पळता पळता थांबताना घसरणारे पाय, कठड्याला लोंबकळून वर चढणं, हे सगळं त्याच्या धाकट्या भावाचं आहे. डेव्हिडला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला लावलं, व्हिडिओ घेतला, टीव्हीच्या पडद्याचे एकेक फोटो काढले, त्यावर मार्करने आणि व्हाइटनरने आकृती गिरवली आणि मग ते कॉम्प्युटरमध्ये घातलं. संगीत वडिलांचं. म्हणजे पूर्णपणे घरगुती उद्योग. आपल्याकडे पापड होतात, त्यांच्याकडे हे झालं.

आता आमच्याकडे हा कसा पोचला ते सांगतो. हे जरा लांबेल, पण मुद्द्याला धरून आहे. विश्वास ठेवा.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. स्टेशनजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता. नाव सांगत नाही, सरांचे विद्यार्थी इथेही बसले असतील. बाहेर चपलांचा ढीग, कारण आत एसी. तो एसी मशीनसाठी, आम्ही थंड होत होतो तो केवळ योगायोग. मॉनिटरला, कीबोर्डला, सीपीयूला शिवून घेतलेली कव्हरं, ती काढायची आणि घड्या घालायच्या यात पाच मिनिटं. मग हजेरी. मग सर डीबेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा एक प्रोग्राम फळ्यावर लिहिणार आणि आम्ही तो उतरवणार. बाहेरची फ्लॉपी आणायला सक्त बंदी, 'व्हायरस येतो'. काही पालकांना खरंच वाटायचं की तो शिंकल्याने येतो. एका काकूंनी मुलाला सर्दी होती म्हणून क्लासला पाठवलं नव्हतं. (हशा)

तरी 'प्रिन्स' आलाच. कोणी आणला हे आजवर कळलेलं नाही. एक दिवस हार्ड डिस्कवर 'टायपिंग' नावाची डिरेक्टरी दिसली, आणि आत टायपिंग नव्हतं.

पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची. जमिनीवर ओळीने बाटल्या, प्रत्येक बाटलीवर एक इंग्रजी अक्षर. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर ज्या बाटलीवर, ती प्या. चुकीची प्यायलात तर लाइफ जायचं. चोरून कॉपी करणाऱ्यांसाठी लावलेला सापळा. आमच्याकडे मॅन्युअल कुठून येणार? पण उत्तरांची झेरॉक्स होती! पान, ओळ, शब्द, अक्षर, असा तक्ता. झेरॉक्सची झेरॉक्स होत होत 'ओ' आणि 'क्यू' एकसारखे दिसायला लागलेले. कित्येक राजपुत्र त्या शेपटीपायी दगावले.

आता हिशोब बघा. खेळ मागतो साठ मिनिटं. क्लासची बॅच साठ मिनिटांची. त्यातून कव्हरं, हजेरी आणि डीबेस वजा करा. सरांना एखादा फोन आला तर हाती वीस मिनिटं. उपाय एकच, कंट्रोल दाबून जी. गेम सेव्ह. मात्र सेव्हची जागा एकच. नवा सेव्ह केला की जुना गेला. आणि आमच्यानंतर पाचची बॅच.

त्या बॅचमध्ये माझ्याच मशीनवर कोणीतरी बसायचा. मी त्याला कधी पाहिला नाही. आम्ही निघायचो तेव्हा ते बाहेर चपला काढत असायचे, त्या गर्दीतला कुठला तो, काय कळणार? मी चौथ्या लेव्हलवर सेव्ह करून जायचो. पुढच्या खेपेला उघडावं तर हा गडी सहाव्यावर, आणि वेळ शिल्लक माझ्या अंदाजापेक्षा जास्त! म्हणजे माझ्याच सेव्हवरून पुढे खेळून, माझ्यापेक्षा चांगलं खेळून, माझ्या डोक्यावर बसलेला. आधी संताप आला. सेव्ह पुसायचाही विचार केला, पण त्याने मला आयते दोन लेव्हल पार करून दिले होते. मग मी सहाव्यावरून पुढे रेटायचो. पुढच्या खेपेला तो सातव्यावर. एकदा त्याने मला नव्या लेव्हलच्या तोंडाशी आणून ठेवलं, घड्याळात जेमतेम दोन मिनिटं शिल्लक. तो विनोद होता हे मला पक्कं ठाऊक आहे. मीही मग पुढे त्याच्यासाठी घड्याळ असंच रिकामं करून ठेवण्याचा प्रयत्न केला.

(संयोजकांची चिठ्ठी.) हो, पंधरा मिनिटं. कळलं.

तर मुद्द्याला धरून आहे म्हणालो ते असं. चौथ्या लेव्हलच्या शेवटी वाट अडवून एक आरसा उभा राहतो. पळत येऊन त्यातून उडी मारली की पलीकडून तुमची सावली निघून पळून जाते आणि तुमच्याकडे एकच लाइफ उरतं. पाचव्यात ती सावली येऊन तुमच्या डोळ्यांदेखत बाटली पिऊन जाते. सहाव्यात तुम्ही उडी मारता आणि ती शांतपणे कळीच्या फरशीवर पाय ठेवून दार बंद करते. तुम्ही खाली. मग बरेच लेव्हल पत्ता नाही. बाराव्यात समोर उभी, हातात तलवार.

या तलवारबाजीत काय आहे, तुमचे लाल त्रिकोण खाली डावीकडे, शत्रूचे उजवीकडे. सावलीला वार केला की तिचा त्रिकोण जातो आणि तुमचाही जातो. पुन्हा मारा, पुन्हा दोन्हींकडचा एकेक. मारून टाकलीत तर दोघंही मेलात. एकही अक्षर पडद्यावर येत नाही. पण खेळ तुम्हाला सगळं सांगून झालेला असतो: आरसा सांगितला, तिथे लाइफ गेलं ते सांगितलं, आता त्रिकोण सांगतायत. तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगावर चालत जायचं. दोघं एक होतात. पुढे पोकळी आहे, पूल नाही. तुम्ही पाऊल टाकता आणि पायाखाली फरशी उमटते.

मला हे क्लासात उमगलं नाही, कारण चौथी आणि पाचवी लेव्हल त्या पाचच्या बॅचवाल्याने खेळली होती! मी मधले धडे गाळलेला विद्यार्थी. मी सावलीशी लढत बसायचो आणि मरायचो. खेळात खोट नव्हती, मी तो अर्धाच वाचला होता. ज्यांनी 'प्रिन्स मेगाहिट' ही चोरवाट टाइप करून, शिफ्ट आणि एल दाबत थेट राजकन्येपर्यंत उड्या मारल्या, त्यांचंही तेच झालं. इथे हसणारे बरेच दिसतायत.

आणि ही सावली आली कुठून? अडचणीतून. मेकनरच्या मूळ खेळात मारामारी नव्हतीच. टोमी पिअर्स नावाची त्याची सहकारी सारखी मागे लागली होती की लढाई हवी. पण अ‍ॅपल टूची मेमरी भरलेली, नवा शत्रू काढायला जागा नाही. मग त्याने राजपुत्राच्याच चित्रावर एक गणिती क्रिया केली आणि त्यातून भुतासारखी चमकणारी आकृती मिळाली. फुकटात शत्रू! पुढे पहारेकरीही आले. तलवारीचे डाव घेतले १९३८च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून, एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोनच्या शेवटच्या द्वंद्वातून. द्वंद्व हा शब्द लक्षात ठेवा, तिथेच दुसऱ्या भागाचं घोडं अडलंय.

किती झाले? पाच मिनिटं. बरं.

दुसरा भाग, १९९३. 'द शॅडो अँड द फ्लेम'. या वेळी मेकनरने कथा आणि आराखडा दिला, प्रोग्रामिंग कंपनीच्या टीमने केलं. सुरुवात मात्र झकास, पहिल्या भागापेक्षा सरस म्हणेन. राजपुत्र दरबारात येतो आणि जाफरने त्याचंच रूप घेतलेलं. याला कोणी ओळखत नाही, भिकारी समजून पहारेकरी मागे लागतात. खिडकी फोडून गच्च्यांवरून पळत बंदरात, सुटणाऱ्या गलबतावर उडी. मग वीज पडून गलबत फुटतं, बेट, गुहा, उडता गालिचा, पडके अवशेष, देऊळ. चित्रं सुंदर. मुदत ७५ मिनिटं.

तक्रार एक. पहिल्या भागातली लढाई एकास एक अशी बेतलेली: पाऊल पुढे, वार, अडवणं, मागे. दुसऱ्यात माणसं घोळक्याने येतात, दोन्ही बाजूंनी. डाव तेच, गर्दी स्टेशनच्या पुलाची. मग तुम्ही विचार करत नाही, बटणं बडवता.

तक्रार दोन, आणि हीच खरी. दुसऱ्या भागातही सावली आहे, नावातच आहे. शरीर सोडून सावली व्हायचं, पवित्र ज्योत घ्यायची आणि जाफरला जाळायचं. कल्पना पहिल्याहून मोठी आहे, मान्य. पण सावली व्हायचं कसं? जागच्या जागी भराभर डावीकडे-उजवीकडे वळत राहायचं! का? आधी कुठे हे सूचित केलंय? माझ्या ओळखीत हे आपणहून सापडलेला एकही माणूस नाही. सगळ्यांना कोणीतरी सांगितलेलं. बाराव्या लेव्हलची सावली मात्र नेटाने खेळणाऱ्या पोराला एकट्याला सुटू शकते, मरत मरत का होईना. फरक अवघडपणाचा नाही. दोन्ही अवघड आहेत, पण पहिल्यात मेल्यावर तुम्ही काहीतरी घेऊन उठता.

दुसऱ्याच्या बाजूने एक बोलतो, अन्याय नको. तो खेळ फसला तो हावरेपणाने, आळशीपणाने नव्हे. अवशेषांमध्ये राजपुत्राला त्याची आई दिसते, तो कोण होता ते कळतं. १९९३ साली एवढी कथा सांगू पाहणारे असे खेळ थोडे होते. तो आज नीट बसून खेळावा, हातात वॉकथ्रू, म्हणजे पायरीपायरीने उत्तरं देणारी गाइड, घेऊन खेळावा, त्यात कमीपणा नाही. पहिला मात्र वॉकथ्रूने खेळलात तर माझ्याशी बोलू नका.

अजून दोन गोष्टी राहिल्या. पहिल्या खेळाचा मूळ सोर्स कोड, म्हणजे मेकनरने लिहिलेला प्रोग्राम, हरवला होता. २०१२ साली मेकनरच्या वडिलांना घरात फ्लॉप्यांचा एक खोका सापडला, त्यात निघाला. मेकनरने तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. इथे जे तरुण प्रोग्रामर आहेत त्यांनी जाऊन सावलीचा भाग वाचा, असेंब्ली भाषेत आहे, पण वाचा.

दुसरी गोष्ट. दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटी, सगळं मिटल्यावर, एक म्हातारी जादूगारीण स्फटिकाच्या गोळ्यात राजपुत्राकडे बघत बसलेली दिसते. ती कोण? पुढचा भाग १९९९ साली थ्रीडीत आला, पण तिचा हिशोब त्यात लागलेला नाही. यावर माझं एक मत आहे, त्याला वीस मिनिटं लागतील...

नाही, टाळ वाजायला लागले. सतरंजी उचलायला दोघं-तिघं पुढे या. म्हातारीचं खाली चहाच्या टपरीवर सांगतो. आणि पाचच्या बॅचला कोणी होतं का इथे? खाली भेटा, त्या दोन मिनिटांचा जाब विचारायचाय.