मॅन्टिकोर, विंचूखोर आणि माझा राक्षसगण

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'व्हिडिओ गेममधले राक्षस : ग्रीसपासून जपानपर्यंत'. मला दिलीत पस्तीस मिनिटं, त्यातली सात नारळ, हार आणि परिचयात गेली. परिचय छान झाला, त्यातला माणूस मला एकदा भेटायला आवडेल. पुढे आजोबा मंडळी बसलीत, मागे आईने दटावून आणलेली पोरं आहेत, त्यामुळे मागच्यांना जे माहितीये ते पुढच्यांना सांगावं लागेल आणि उलटही, सांभाळून घ्या.

माझा मुद्दा एकच आहे आणि तो व्याकरणाचा आहे. विशेषनाम आणि सामान्यनाम, शाळेत सगळ्यांनी घोकलंय. आता मिनोटॉर घ्या, बैलाचं डोकं आणि माणसाचं धड. ग्रीक कथेत हा एकच होता. क्रीटच्या मायनॉस राजाच्या राणीचं पोर, अ‍ॅस्टेरिऑन असं त्याला चक्क नाव होतं, भूलभुलैयात कोंडून ठेवलेला, थीसिअस नावाचा वीर आला, त्याने मारला, विषय संपला. गेममध्ये काय होतं? तुम्ही गुहेत शिरता आणि पहिल्याच वळणावर चार मिनोटॉर उभे, रिक्षा स्टँडवर उभे असतात तसे. मेडूसा, म्हणजे केसांच्या जागी साप असलेली, जिच्याकडे बघणारा दगड होतो ती, तीही एकच. पण 'एज ऑफ मिथॉलॉजी' नावाचा २००२ चा गेम आहे, त्यात हेरा देवीला निवडलं की तुम्ही एकापाठोपाठ एक मेडूसा काढत बसता. त्यासाठी देवाची कृपा लागते, आणि ती कशी जमते तर गावकरी शेतातून उठवून देवळापाशी उभे करायचे, ते प्रार्थना करतात आणि आकडा वाढतो. (आजोबा हसले. आपल्याकडे आकडा दिसत नाही एवढाच फरक.) तर डालड्याचं जे झालं तेच मेडूसाचं झालं, एका डब्याचं नाव होतं, सगळ्या वनस्पती तुपाला चिकटलं. हे विशेषनामाचं सामान्यनाम कोण करतं, कधी करतं, ते मी आज सांगणार आहे. पण आधी मॅन्टिकोर.

मॅन्टिकोर माझा लाडका. कॉलेजात असताना मी आणि माझा मावसभाऊ सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक थ्री' खेळायचो, १९९९ चा गेम, एकाच कीबोर्डवर आळीपाळीने, त्याची पाळी असली की मी वडापाव आणायचो. त्यात डंजन नावाचं एक शहर आहे आणि त्यात मॅन्टिकोर तयार होतात, सिंहाचं अंग, विंचवाची नांगी. मला वाटायचं असेल काहीतरी ग्रीक. मग बऱ्याच वर्षांनी वाचायला लागलो आणि कळलं की हा पठ्ठ्या आपल्याकडचा! म्हणजे निदान पत्ता तरी भारताचा.

टेसिअस नावाचा एक ग्रीक वैद्य होता, इराणच्या बादशहाच्या, दुसऱ्या आर्टाझर्क्सिसच्या दरबारात. इ.स.पू. ४०० च्या सुमाराची गोष्ट. त्याने 'इंडिका' नावाचं भारतावर पुस्तक लिहिलं, भारतात पाऊल न ठेवता. दरबारात येणारे-जाणारे जे सांगतील ते लिहिलं. मूळ पुस्तक हरवलं, नंतरच्या लोकांनी केलेले सारांश आणि उतारे तेवढे उरलेत, आणि त्यात हा प्राणी आहे. सिंहाएवढा, रंग लाल, तोंड माणसाचं, दातांच्या तीन रांगा, शेपटीला नांगी, आणि त्या नांग्या तो बाणासारख्या फेकतो. आवाज कसा, तर तुतारी आणि पावा एकदम वाजवल्यासारखा, म्हणजे आपल्याकडच्या वरातीसारखाच म्हणा. हत्ती सोडून कुणालाही मारतो. आणि पुढचं मला फार आवडतं, की भारतीय लोक याची पिल्लं पकडतात आणि त्यांची शेपटी दगडाने ठेचतात म्हणजे पुढे काटे उगवत नाहीत. कुणीतरी दरबारात बसून, शपथेवर, हे त्या वैद्याला सांगितलेलं आहे.

आता नाव बघा. टेसिअसने लिहिलं 'मार्टिखोरास', आणि सांगितलं की याचा अर्थ माणसं खाणारा. जुन्या इराणी भाषेत 'मर्तिय' म्हणजे माणूस, आपला 'मर्त्य' त्याचाच सख्खा भाऊ. आणि 'खोर'? खोर म्हणजे खाणारा. लाचखोर, हरामखोर, आदमखोर! मर्त्यखोर, मंडळी, मर्त्यखोर! दोन हजार चारशे वर्षांपूर्वीचा शब्द आहे आणि तुम्हाला-मला डिक्शनरीशिवाय कळतो. मग कुठल्यातरी नकलेत 'र' चा 'न' झाला, अ‍ॅरिस्टॉटलच्या हस्तलिखितांतून तो तसाच पुढे प्लिनी नावाच्या रोमन लेखकाकडे गेला, मार्टिखोराचा मॅन्टिकोरा झाला आणि तोच आजपर्यंत चालू आहे. प्रूफरीडर नसला की असं होतं, या वाचनालयाच्या स्मरणिकेत माझं आडनाव बघा.

आणि कळस ऐका. त्याच 'हीरोज थ्री' मध्ये मॅन्टिकोरला अपग्रेड केलं की त्याचा 'स्कॉर्पिकोर' होतो. गेमवाल्यांनी काय केलं, शेपटीला नांगी आहे म्हणून 'मॅन' काढून 'स्कॉर्पिऑन' बसवलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत की 'कोर' म्हणजे खाणारा. म्हणजे झाला काय, विंचूखोर! नांगी मारून समोरच्याला जागच्या जागी लुळा पाडणारं एवढं भयंकर जनावर, आणि नाव असं की विंचू खाऊन जगतं. मी हे मावसभावाला रात्री साडेअकराला फोन करून सांगितलं, तो म्हणाला झोप.

पण खरा प्राणी कोणता? ते दुसऱ्या शतकातच पॉसेनिअस नावाच्या ग्रीक प्रवाशाने लिहून ठेवलंय, की हा वाघ असणार, आणि बाकीचं सगळं लोकांनी भीतीपोटी जोडलंय. मला हे शंभर टक्के पटतं. आमच्या आजोळी रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. पालघरकडे वारली लोक वाघाला वाघोबा म्हणून पुजतात. ज्याच्या रानात जायचंय त्याचं वर्णन कुणी मोजपट्टी घेऊन करत नाही.

(पहिली चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पंधरा म्हणालात! बरं.)

तर वाघाला माणसाचं तोंड लागलं, हे लक्षात ठेवा, आता उलटं सांगतो, आणि ही माझी तक्रार आहे. मी मधे ऑनलाइन डी अँड डी, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचो. आजोबा, हा कागद, फासे आणि गप्पा यांचा खेळ, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत काढला. आमचा ग्रुप परदेशातला, त्यांची दुपार म्हणजे माझी मध्यरात्र, बायको शेजारच्या खोलीत, मी कुजबुजत तलवार चालवतोय. एकदा मी म्हटलं की माझं पात्र राक्षसाशी बोलतंय. तर गेम चालवणारा म्हणाला, तुला 'रॅकशासा' म्हणायचंय का? आणि मग मला समजावून सांगायला लागला की त्याला वाघाचं डोकं असतं आणि तळहात उलटे असतात. अहो, माझ्या पत्रिकेत राक्षसगण आहे! दोन स्थळं त्यापायी गेलीत! आणि हा मला राक्षस शिकवतोय! आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात हे मी त्याला म्हटलं, तर तो म्हणाला, इंटरेस्टिंग.

मग खोदत गेलो तेव्हा कळलं की रावणाची दहा डोकी, कुंभकर्णाची झोप, साधा सरळ बिभीषण, यातलं काहीच तिकडे पोचलं नाही. पोचली ती 'कोलचॅक : द नाइट स्टॉकर' नावाच्या टीव्ही मालिकेची गोष्ट. १९७४ च्या तिच्या एका भागात राक्षस आहे, तो तुमच्या विश्वासातल्या माणसाचं रूप घेऊन जवळ येतो आणि मंतरलेल्या बाणाने मरतो. ते डी अँड डीत आलं, १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' मध्ये, म्हणजे त्या खेळातल्या राक्षसांच्या जंत्रीच्या पुस्तकात, डेव्हिड ट्रॅम्पिअर या चित्रकाराने त्याला वाघाचं डोकं काढलं, निवांत पाइप ओढत बसलेला, आणि तो पाइपवाला वाघ कायमचा राक्षस झाला. २००० च्या 'बाल्डर्स गेट टू' या व्हिडिओ गेममध्येही तेच थोबाड. आता खरं सांगू का, रूप बदलून विश्वासाने दगा द्यायचं त्यांना बरोबर कळलं. मरताना रामाच्या आवाजात 'हा लक्ष्मणा' ओरडणारा मारीच दुसरं काय करतो? तोंडाचा राग आहे माझा. आपल्या वाघाला माणसाचं तोंड दिलं आणि आपल्या राक्षसाला वाघाचं.

(दुसरी चिठ्ठी. पाच मिनिटं. ग्रीस झालं, जपान राहिलं.)

भराभर सांगतो. जे 'कोण करतं' म्हणालो ते हेच पुस्तक करतं, 'मॉन्स्टर मॅन्युअल'. पुराणात राक्षसाला गोष्ट असते, खेळात त्याला आकडे लागतात, किती मार सोसतो, किती देतो, कशाने मरतो. आकडे दिले की साचा तयार झाला, आणि साच्यातून एक काढा नाहीतर चाळीस. डी अँड डीच्या २०१४ च्या नियमात मॅन्टिकोरच्या शेपटीला मोजून चोवीस काटे होते आणि संपले तर झोप काढून उठल्यावर परत उगवायचे, दगडाने ठेचायचं कुणाला सुचलं नाही. आणि त्या पुस्तकात सगळं पुराणातलं नाही हं, एक 'रस्ट मॉन्स्टर' आहे, लोखंड खाणारा, तो जत्रेत मिळतात तसल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून काढलाय.

तिथून १९८१ चा 'विझर्ड्री' हा कॉम्प्युटर गेम, तो जपानात वेड्यासारखा चालला, त्यानंतर तिथे १९८६ ला 'ड्रॅगन क्वेस्ट', १९८७ ला 'फायनल फँटसी'. बहामूत घ्या. अरबी विश्वकल्पनेत तो सगळ्यात खालचा मासा, त्याच्यावर बैल, बैलावर माणकाचा खडक, त्यावर देवदूत, त्याच्यावर पृथ्वी, आपला शेषच म्हणा. डी अँड डीत त्या माशाचा ड्रॅगन झाला आणि 'फायनल फँटसी' त ड्रॅगनच राहिला. मूळ अरबी गोष्टीकडे परत कोण जातंय, वाटेत पुस्तक होतं ना.

आपलं काय? पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला, त्यात महाबलासुर आहे आणि वाघाचं तोंड नाही, मी आधी तेच तपासलं. पण मला हवाय तो वेताळ. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, यांच्या हद्दी आखलेल्याच आहेत, आणि वेताळ पंचविशी तर सरळ गेमच आहे हो. प्रेत खांद्यावर घ्यायचं, तोंड उघडायचं नाही, तो गोष्ट सांगून प्रश्न विचारणार, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं, बोललास तर तो परत झाडावर, पुन्हा पहिल्यापासून. पंचवीस लेव्हल. आणि वेताळ एकच, चाळीस नाहीत!

हो हो, आली तिसरी चिठ्ठी, दिसली. 'फायनल फँटसी' मध्ये शिवा म्हणून निळी, बर्फाची बाई आहे, १९९० च्या तिसऱ्या भागापासून, त्याची स्लाइड राहिलीच. मागे कोण ते, राग आला? मलाही आला होता. खाली चहापाशी भेट, फोटो दाखवतो.