चेहरा एकाचा, गोष्ट कुणाची?

(दृश्य : टी-शर्टवर छापलेला एक हसरा चेहरा. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. मिशी, दाट केस, छातीशी पोलिसांची पाटी आणि अटक झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर सहसा न दिसणारं हसू. कोलंबियातल्या मेदेयीन शहरात सत्तरच्या दशकात पोलिसांनी कोकेनचा तस्कर पाब्लो एस्कोबारला पकडलं, तेव्हाचा हा फोटो. आज तो कॉफीच्या मगवर आहे, मोबाइलच्या कव्हरवर आहे, पोस्टरवर आहे. आपल्याकडेही ऑनलाइन मागवला की घरपोच येतो.

त्या जुन्या अटकेची आठवण देशाला करून दिली एका संपादकाने. त्यांचं नाव गियेर्मो कानो.

१९८२ मध्ये एस्कोबार कोलंबियाच्या संसदेत पर्यायी सदस्य म्हणून निवडून आला. गरिबांना घरं बांधून देणारा, पोरांना फुटबॉलची मैदानं करून देणारा दिलदार माणूस अशी त्याची ख्याती होती. बोगोटाच्या ‘एल एस्पेक्तादोर’ या दैनिकाचे संपादक असलेल्या कानोंना मात्र हा चेहरा आधी कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. त्यांनी जुने अंक धुंडाळले. १९७६ ची बातमी सापडली. कोकेनच्या तस्करीत काही जण पकडले होते, आणि त्या नावांत एक नाव पाब्लो एस्कोबारचं होतं.

ऑगस्ट १९८३ मध्ये कानोंनी ती बातमी पुन्हा छापली. मेदेयीनमध्ये एस्कोबारच्या माणसांनी दिसतील तेवढे अंक विकत घेतले, म्हणजे ते लोकांच्या हाती पडू नयेत. पण व्हायचं ते झालं होतं. तिकडे न्यायमंत्री रोद्रिगो लारा बोनिया संसदेत त्याच्यावर उघड आरोप करत होते. एस्कोबारचं राजकारण काही महिन्यांत आटोपलं. लारा बोनियांना ३० एप्रिल १९८४ रोजी गोळ्या घातल्या गेल्या. कानो त्यानंतरही लिहीत राहिले. १७ डिसेंबर १९८६ च्या संध्याकाळी ते दैनिकाच्या कचेरीतून गाडी घेऊन निघाले. नाताळ आठवड्यावर आला होता. रस्त्यावर वळण घेण्यासाठी गाडी मंदावली आणि मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी त्यांना टिपलं. कानो ६१ वर्षांचे होते.

पडद्यावरच्या एस्कोबारबद्दल बोलायचं तर सुरुवात या माणसापासून करायला हवी, असं मला वाटतं.

(दृश्य : मेदेयीनच्या डोंगरउतारावरची विटांची घरं. पहाट.)

२ डिसेंबर १९९३ रोजी, वयाची ४४ वर्षं पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, एस्कोबार मेदेयीनमधल्या एका घराच्या कौलांवर मारला गेला. त्या दिवशीचे फोटो आहेत. सुटलेलं पोट, वाढलेली दाढी, अनवाणी पाय, आणि प्रेताशेजारी हसत उभी असलेली, त्याच्या मागावरच्या पोलिस पथकातली माणसं. शिकार केल्यावर काढतात तसे हे फोटो. सिनेमाला हे दृश्य आयतंच मिळालं आणि त्याने ते पुन्हा पुन्हा वापरलं.

हॉलिवूडमध्ये २००१ च्या ‘ब्लो’ या सिनेमात तो दुय्यम पात्र म्हणून आला. २०१४ मध्ये बेनिसियो देल तोरोने आणि २०१७ मध्ये हाविएर बार्देमने तो रंगवला. हे सिनेमे आले आणि गेले. जगाच्या डोक्यात एस्कोबार पक्का बसवला तो २०१५ च्या ‘नार्कोस’ या मालिकेने. ब्राझीलचा अभिनेता वाग्नर मौरा या भूमिकेसाठी मेदेयीनला जाऊन स्पॅनिश शिकला आणि त्याने वजनही वाढवलं. त्याचं काम चांगलं आहे. डोळ्यांतला तो थकवा आणि शांतपणे दिलेली धमकी विसरता येत नाही. कोलंबियन प्रेक्षकांना मात्र त्याचे उच्चार खटकले. कोल्हापूरच्या गड्याची भूमिका नुकतीच मराठी शिकलेल्या नटाने करावी, तसं त्यांना वाटलं.

माझी तक्रार उच्चारांची नाही. ‘नार्कोस’ची गोष्ट आपल्याला सांगतो अमली पदार्थांविरुद्ध लढणारा एक अमेरिकन एजंट. एका बाजूला पाब्लो, दुसऱ्या बाजूला त्याचा पाठलाग करणारे परदेशी अधिकारी, आणि मधे कोलंबिया नावाचा देखणा देश. मरणारे येतात, मरतात आणि कॅमेरा पुन्हा पाब्लोकडे वळतो. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी आव्हियांका कंपनीचं विमान बोगोटाहून काली शहराला जायला निघालं आणि काही मिनिटांतच हवेत फुटलं. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार सेसार गाविरिया त्यात असतील असा एस्कोबारच्या माणसांचा होरा होता. ते त्या विमानात नव्हतेच. विमानातले सगळे १०७ जण गेले, आणि खाली जमिनीवर अवशेष कोसळून आणखी ३ जण. मालिकेत हा प्रसंग आहे. बघून झाल्यावर त्या १०७ जणांपैकी कुणाचं नाव आपल्याला आठवतं?

(दृश्य : जुना दूरचित्रवाणी संच. काराकोल वाहिनीचं बोधचिन्ह.)

हीच गोष्ट कोलंबियाने स्वतः सांगितली होती, ‘नार्कोस’च्या तीन वर्षं आधी. २०१२ मध्ये काराकोल वाहिनीवर ‘एल पात्रोन देल माल’ (दुष्कृत्यांचा धनी) ही मालिका सुरू झाली. आन्द्रेस पार्राने त्यात एस्कोबार केला, आणि मेदेयीनच्या बोलीचा हेल त्याने असा उचलला की मूळ माणूस बोलतोय असं लोकांना वाटावं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पडद्यामागे कोण होतं हे. निर्माते दोघं. एक कामिलो कानो, म्हणजे गियेर्मो कानोंचा मुलगा. दुसऱ्या हुआना उरिबे. १८ ऑगस्ट १९८९ रोजी भर सभेत ज्यांचा खून झाला ते राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार लुईस कार्लोस गालान हे त्यांच्या मावशीचे यजमान. हुआनाची आई मारुहा पाचोन यांना १९९० मध्ये एस्कोबारच्या माणसांनी पळवून नेलं होतं आणि सहा महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवलं होतं.

ज्यांच्या घरात त्याने मृत्यू आणला, त्यांनीच त्याच्यावर मालिका काढली. कशासाठी, याचं उत्तर मालिकेवर झळकणाऱ्या वाक्यात आहे : आपला इतिहास ज्याला ठाऊक नाही, त्याच्या नशिबी तो पुन्हा भोगणं येतं. या मालिकेत कानो घरी जेवतात, दैनिकात भांडतात, घाबरतात, तरीही लिहितात. लारा बोनिया चुका करतात. गालान घरात बाप असतात. ते मरतात तेव्हा आपल्या ओळखीचं माणूस गेलेलं असतं.

तरीही एक अडचण उरतेच, आणि ती या निर्मात्यांनाही टाळता आली नाही. ज्याच्या नावाने मालिका, तो रोज रात्री घराघरात येतो. त्याचे संवाद पोरांच्या तोंडी बसतात.

ही अडचण कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांना बरोबर कळली होती. मारुहा पाचोन आणि इतर ओलिसांच्या अपहरणावर त्यांनी १९९६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात एस्कोबार आहे, पण बहुतेक वेळ भिंतीपलीकडे. आपण असतो त्या कोंदट खोलीत, जिथे तीन बायका एका अरुंद जागेत झोपतात, कुजबुजत बोलतात आणि टीव्हीवरच्या बातम्यांत आपल्या माणसांचा चेहरा शोधतात. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर वाचकाला ‘पाब्लोचा रुबाब’ वगैरे काही सुचत नाही. एवढं मोठं काम कुठल्याही सिनेमाने केलेलं मला दिसत नाही.

मेदेयीनचाच सुपुत्र, चित्रकार फेर्नांदो बोतेरो, यानेही एस्कोबारचा मृत्यू रंगवला. ते चित्र शहरातल्या आन्तियोकिया संग्रहालयात आहे. कौलांवर अवाढव्य एस्कोबार आणि थव्याने अंगावर येणाऱ्या गोळ्या. घरं त्याच्यापुढे खेळण्यातली वाटतात. काही जणांना यात उदात्तीकरण दिसतं. मला दिसतं एक शहर, ज्याच्या डोक्यावर हा माणूस कित्येक वर्षं बसला होता. १९९१ या एका वर्षात मेदेयीनमध्ये सहा हजारांहून अधिक खून झाले, हे ठाऊक असलं की चित्रातलं आकारमान अतिशयोक्त वाटत नाही.

आपल्यालाही हे परकं नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसं गेली. त्यानंतरच्या हिंदी सिनेमाने डॉनचा गॉगल, डॉनचं प्रेम, डॉनचे संवाद यांवर किती रिळं खर्च केली आणि त्या २५७ घरांवर किती, हे ज्याचं त्याने मोजावं.

(दृश्य : मोनाको इमारत. धुळीचा लोट.)

मालिका जगभर गेल्या आणि मेदेयीनमध्ये पर्यटक येऊ लागले. एस्कोबारची कबर, तो राहायचा ती घरं, तो मेला ते छप्पर, असं सगळं दाखवणाऱ्या सहली निघाल्या. २०१७ मध्ये अमेरिकन रॅपर विझ खलिफाने कबरीवर फुलं ठेवतानाचे फोटो टाकले, तेव्हा महापौर फेदेरिको गुतिएरेझ यांचा संयम सुटला. त्यांनी त्याला जाहीरपणे निर्लज्ज म्हटलं. फुलं बळींना वाहायला हवी होती, हे त्यांचं म्हणणं होतं.

एस्कोबारचं कुटुंब जिथे राहायचं ती मोनाको ही आठ मजली इमारत २२ फेब्रुवारी २०१९ रोजी स्फोटकांनी पाडण्यात आली. काही सेकंदांत ती बसली. बघायला बळींचे नातेवाईक आले होते. त्या जागी आता स्मृती-उद्यान आहे, आणि तिथल्या भिंतीला ४६,६१२ छिद्रं आहेत. १९८३ ते १९९४ या काळात अमली पदार्थांच्या हिंसाचारात गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक.

एस्कोबारचा मुलगा नाव बदलून अर्जेंटिनात राहतो, सेबास्तियान मार्रोकीन म्हणून. २००९ च्या ‘पेकादोस दे मी पाद्रे’ (माझ्या वडिलांची पापं) या माहितीपटात तो लारा बोनियांच्या मुलाला आणि गालानच्या मुलांना पत्र लिहून माफी मागतो, आणि मग त्यांना भेटतो. चार भिंतींत काही माणसं बसलेली. शब्द जपून निघतात. त्या भेटीतला एक, कार्लोस फेर्नांदो गालान, वडील गेले तेव्हा १२ वर्षांचा होता. १ जानेवारी २०२४ रोजी तो बोगोटाचा महापौर झाला. या मुलांच्या आयुष्यावर कुणी दहा भागांची मालिका काढली, तर मी ती पहिल्याच दिवशी बघायला बसेन.