हळदीकुंकवाचं आमंत्रण लिहिण्याआधी

नमस्कार मंडळी.

मला पडद्यावरच्या बायकांबद्दल बोलायचं आहे आणि शेवटी कार्यकारिणीकडे काही मागायचंही आहे.

2019 मध्ये 'झी मराठी'वर 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली. विधवा आसावरीने पुन्हा लग्न करावं म्हणून सून शुभ्रा झटते आणि पोटचा मुलगा, बबड्या, आडवा येतो. तेव्हा आपल्यापैकी कितीतरी जणांच्या भारतातल्या फोनवर हाच विषय असायचा. ओळखीत कुणी पन्नाशीनंतर लग्न केलं की "या वयात शोभतं का?" म्हणणाऱ्या आमच्या मावश्या-आत्या बबड्यावर चिडलेल्या मी ऐकल्या आहेत. आसावरीला त्या रोज बघत होत्या. तिने केलेला स्वयंपाक, मुलापुढे तिचं गप्प बसणं, सगळं ओळखीचं. तिच्यावर माया जडली आणि मग मतही हळूहळू सैल झालं. कुणी त्यांना विधवाविवाहावर व्याख्यान दिलं असतं तर त्यांनी चॅनल बदललं असतं.

हा काही फक्त माझा अंदाज नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांचा 2009 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. गोवा, बिहार, हरियाणा, तमिळनाडू अशा राज्यांतल्या ग्रामीण भागात केबल टीव्ही आल्यावर बायकांच्या बोलण्यात काय फरक पडतो, हे त्यांनी तपासलं. जिथे केबल नव्याने पोहोचली, तिथे नवऱ्याचा मार रास्त मानण्याचं प्रमाण घटलं आणि मुलगाच हवा हा आग्रहही कमी झाला. लोक बघत होते त्या बहुतांशी नेहमीच्या करमणुकीच्या मालिका.

अर्थात तोच पडदा उलटंही शिकवतो. मालिकेतल्या पूजेत विधवा सासू कोपऱ्यात उभी दिसते आणि कॅमेरा सवाष्णींच्या ओटीवर रेंगाळतो, तेव्हा तेही घराघरांत झिरपतंच.

आणि पडदा एकटा पुरत नाही. प्रभातचा 'कुंकू' 1937 चा. फसवून म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. शांता आपटेंची ती नजर आज पाहिली तरी अंगावर येते. त्या म्हाताऱ्याच्या समाजसेविका मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. पुढे त्यांनी कुटुंबनियोजनाच्या कामाला खऱ्या आयुष्यातही वाहून घेतलं. कपाळावरच्या कुंकवाचा जाच इतक्या स्पष्टपणे पडद्यावर आला, तरी नवरा गेल्यावर कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने केला तो मे 2022 मध्ये. मधे 85 वर्षं गेली. हेरवाडला ग्रामसभा बसली, ठराव मांडला गेला, माणसांनी सर्वांसमक्ष होकार दिला. त्यानंतर इतर ग्रामपंचायतींनीही हे करावं, असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. सिनेमा-मालिका मनं मऊ करतात. पुढचं काम असं चार माणसांत उभं राहून करावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

आता आपल्याकडे येते. गेल्या संक्रांतीला आपल्या हळदीकुंकवाच्या वेळी मुलीकडे आलेल्या एक काकू हॉलच्या स्वयंपाकघरात ताटल्या पुसत उभ्या होत्या. त्यांना कुणी "येऊ नका" म्हटलं नव्हतं. पण आमंत्रणात 'सुवासिनींसाठी' असं छापलं होतं, आणि बाहेर या म्हणायला गेलेलं मी तरी कुणाला पाहिलं नाही. चहा पिताना त्याच काकूंनी मला आसावरीच्या लग्नाचा भाग पुन्हा लावून पाहिल्याचं सांगितलं. किती खुलून बोलत होत्या!

म्हणून माझी मागणी अशी. यंदाच्या आमंत्रणातून 'सुवासिनींसाठी' काढावं आणि 'सर्व महिलांसाठी' असं लिहावं. दाराशी येईल तिला हळदकुंकू विचारावं, तिने हो म्हटलं तर लावावं. तिळगूळ आणि वाण प्रत्येकीला द्यावं. कुणाला हे पटत नसेल तर आज इथेच बोलूया, मला सगळं ऐकायचं आहे.

कार्यकारिणीने होकार दिला तर घरोघरी फोन करायचं काम माझ्याकडे द्या. ज्यांच्याकडे आई किंवा सासूबाई आल्या आहेत, त्यांनी जेवणाआधी मला त्यांची नावं सांगा. आमंत्रण त्यांच्याच नावाने जाईल.