ॲव्हरेज गेलं कुठे? जुन्या शंभर सीसीची तपासणी

(दुचाकी देखभालीवरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज फक्त कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेल्या जुन्या गाड्यांबद्दल बोलू. हीरो होंडाची सीडी १०० आली १९८५ साली, स्प्लेंडर १९९४ साली; दोघींचंही इंजिन ९७.२ सीसीचं. या गाड्या अजून दूध घालतात, मुलांना शाळेत सोडतात, शेतावर खताची गोणी नेतात. मालकांची तक्रारही ठरलेली: "आधी साठ द्यायची, आता पंचेचाळीसवर आली." एवढं ऐकलं की मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर उचलतो आणि कार्बोरेटरचा स्क्रू पिळतो. माझं आजचं सगळं बोलणं त्या स्क्रूविरुद्ध आहे.

आधी मला सांगा, पंचेचाळीस हा आकडा काढला कसा? बऱ्याच जणांचं मोजमाप म्हणजे शंभर रुपयांचं पेट्रोल टाकलं आणि रिझर्व्ह कधी लागली ते पाहिलं. ते सोडून द्या. गॅरेजवाले हँडलला बाटली अडकवतात, नळीने शंभर मिली पेट्रोल सोडतात आणि गाडी बंद पडेपर्यंत पळवतात. ही पद्धत बरी, पण कार्बोरेटरच्या वाटीतही पेट्रोल असतं. सुरुवातीला ती भरलेली होती की रिकामी, हे पाहिलं नाही आणि त्यात दहा मिलीचा घोळ झाला, तर उत्तर तिथेच दहा टक्क्यांनी चुकलं. वारा पाठीमागून असेल तर आणखी वेगळं. त्यापेक्षा गाडी मेन स्टँडवर लावून टाकीच्या गळ्यातल्या एका खुणेपर्यंत पेट्रोल भरा, दीड-दोनशे किलोमीटर रोजच्यासारखी चालवा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. असं दोन-तीनदा करा आणि मग भागाकार.

भागाकारात वरचा आकडा किलोमीटरचा. तोच खोटा असला तर? या गाड्यांचं मीटर पुढच्या चाकातल्या छोट्या गिअरवर आणि केबलवर चालतं. गिअर झिजला की काटा थरथरतो, मधूनच खाली पडतो, आणि तेवढं अंतर मोजलंच जात नाही. गाडी ॲव्हरेज देत असते, मीटर देत नसतं! हायवेच्या किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटर ताडून पाहा. पाच पैसे लागत नाहीत.

आता गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब पडत असतील तर फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरल्यावर पेट्रोल थांबवणारी सुई, नीट बसत नाही. ती बदलेपर्यंत उभ्या गाडीचा कॉक बंद ठेवा.

मग चाकं. मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये मागचं चाक हाताने फिरवा. ते आवाज न करता मोकळं फिरलं पाहिजे. पाच-सहा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न दाबता चालवा आणि उतरल्यावर ड्रमजवळ हात न्या. गरम लागला तर ब्रेकचं लायनर आतून घासतंय, म्हणजे तुम्ही ब्रेक दाबून गाडी चालवताय. पुष्कळदा लायनर बाहेर ढकलणाऱ्या कॅमला ग्रीस नसतं, म्हणून ब्रेक सुटतच नाही. टायरमध्ये हवा पुढे २५, मागे २८ पीएसआय. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात जास्त, तो आकडा मॅन्युअलमध्ये आहे. चेन ताठ ओढलेली नको. चौथ्या गिअरमध्ये चढावर इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच घसरतोय. आधी केबलला थोडी ढील आहे का ते बघा, प्लेटा नंतर.

इथपर्यंत इंजिनाला हात लावलेला नाही. आता इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काढा, पण नीट. गाडी गरम करा, मोकळ्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास एका वेगाने दोन-तीन किलोमीटर चालवा, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा, बाजूला घ्या. सिग्नलवर दहा मिनिटं उभ्या गाडीचा प्लग आयडलिंगची गोष्ट सांगतो, रस्त्याची नाही. मधल्या चिनी मातीचा रंग फिक्या विटकरी-तपकिरी छटेचा असेल तर ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर चढतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, आणि हे सगळ्यांत धोक्याचं, कारण ॲव्हरेजच्या नादात याच अवस्थेत वर्षभर चालवलेल्या गाडीचा व्हॉल्व्ह जळतो.

काजळी दिसली की आधी एअर फिल्टर पाहा. तो तुंबला की हवा कमी पडते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. मग थंड गाडी सुरू करताना ओढतो तो चोक पूर्ण परत येतो का पाहा. अर्धवट अडकलेला चोक मी इतक्या गाड्यांत पाहिलाय की तो आधी का पाहत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

आणि मग कार्बोरेटर. तो पिळायचा स्क्रू फक्त आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू) आणि थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, जेमतेम उघडण्यापुरता आहे. त्यापुढे काम ॲक्सिलरेटरबरोबर वर जाणाऱ्या स्लाइडला लटकलेल्या निडलचं, म्हणजे बारीक सुईचं, आणि ती ज्या पितळी भोकातून वरखाली होते त्या निडल जेटचं. रोजची गाडी आपण याच टप्प्यात चालवतो. मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, लागतो तो थ्रॉटल जवळजवळ पूर्ण पिळल्यावर. वर्षानुवर्षं थरथरून निडल त्या भोकाच्या एका बाजूला घासते आणि गोल भोक लांबट होतं. डोळ्यांना दिसत नाही. भिंगाखाली धरा, निडलवर एका बाजूला चकाकणारा पट्टा दिसेल. मग स्क्रू कितीही पिळा, कार्बोरेटर कितीदाही धुवा, त्या फटीतून जादा पेट्रोल येतच राहणार. निडल आणि निडल जेट जोडीनेच बदला, चांगल्या प्रतीची घ्या. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये जेटवर नंबर असतो, भोक त्या नंबराचं असेलच असं नाही. आणि जेटमध्ये तार घालणाऱ्याला गाडी देऊ नका. पितळ मऊ, भोक मोठं व्हायला वेळ लागत नाही.

तरीही स्क्रूला हात लावायचाच असेल तर तो कुठे आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, घट्ट केला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर नेमकं उलटं.

मघाशी चिठ्ठी आली, "हे सगळं पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलमुळे होतंय ना?" थोडं होतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात वीस टक्के मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. समजा प्रत्यक्षात याच्या दुप्पट घटलं, तरी साठाचे पंचावन्न होतील. पंचेचाळीस होणार नाहीत. इथेनॉलचा जुन्या गाडीला खरा त्रास वेगळा: टाकीच्या तळाचा गाळ सुटून जेटमध्ये जातो, रबरी नळ्या आणि वॉशर फुगतात, आणि उभ्या गाडीच्या टाकीत पाणी ओढलं जातं. टाकी एकदा उतरवून धुवा.

शेवटचा प्रश्न आहे इंजिनकामाचा. निळा धूर, ऑइल कमी होणं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजणाऱ्या गेजवर कमी आकडा असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेलेत. पण आधी थंड इंजिनावर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, तपासून घ्या; घट्ट टॅपेटमुळेही कॉम्प्रेशन जातं. आणि हिशेब करा. महिन्याला सहाशे किलोमीटर धरले तर पंचेचाळीसला सव्वातेरा लिटर लागतात, पंचावन्नला अकरा. फरक सव्वादोन-अडीच लिटरचा, म्हणजे आजच्या भावाने अडीचशे रुपयांच्या आसपास. निडल-जेटची जोडी काही महिन्यांत पैसे फेडते. केवळ ॲव्हरेजसाठी इंजिन उघडलंत तर ते पैसे फिटायला वर्षं लागतील. धूर निघत असेल, ऑइल खात असेल तरच उघडा.