पक्षी उडाला पाहिजे

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘पक्षी शोधणाऱ्या कुत्र्यांच्या तालमीसाठी लावे पाळणं आणि सोडणं’. समोर बसलेल्या बहुतेकांकडे पॉइंटर नाहीतर सेटर जातीचं शिकारी कुत्रं आहे, तेव्हा पॉइंट धरणं, म्हणजे पक्ष्याचा वास येताच झडप न घालता जागीच ताठ थांबणं, हे मी सांगत बसत नाही. सोडण्याची पद्धत शेवटी सांगतो. आधी पाळण्याबद्दल बोलू द्या, कारण सगळं बिघडतं ते तिथंच. कुत्र्याला शिकवतो तो पक्षी, आणि तोही जोरात उडून जाणारा पक्षी. इतकंच सांगायला मी आलोय.

माझ्या कुत्रीची गोष्ट सांगतो. नऊ महिन्यांची पॉइंटर, नाक असं की विचारू नका. तिच्यासाठी मी घाईघाईनं लावे विकत आणले. पेटी उघडली तर निम्म्यांच्या शेपट्याच नाहीत, पंखांची टोकं झिजून काडीसारखी झालेली. दाटीवाटीत वाढवले की लावे एकमेकांची पिसं उपटतात, टोचतात, हे तुम्हाला माहीत आहे. तरी एक घेतला, जागीच बसून राहावा म्हणून मान पंखाखाली घालून थोडा गरगरवला आणि गवतात ठेवला.

कुत्री वाऱ्याच्या आडव्या दिशेनं आली आणि एकदम थबकली. उजवा पाय वर, शेपटी ताठ, ओठाचा कोपरा थरथरतोय. पाहत राहावं असं दृश्य! मी पुढं होऊन गवत हलवलं. पक्षी हातभर उडाला आणि धप्पकन खाली पडला. तिनं झडप घातली. दुसऱ्या पक्ष्याला ती निम्माच वेळ थांबली. तिसऱ्याला थांबलीच नाही. वास आला की थेट उडी! तीन दुबळ्या पक्ष्यांनी शिकवलेलं विसरायला तिला अख्खा हंगाम लागला. आजही ते पक्षी विकणाऱ्याचा मला राग येतो. पैसे गेले त्याचं काही नाही, एक चांगली कुत्री वाया जाता जाता वाचली.

आणखी एक सांगायचं राहिलं. हातानं ठेवलेल्या पक्ष्याला आपल्या हाताचा वास लागतो, आणि आपल्या पावलांचा माग थेट त्याच्यापर्यंत जातो. हुशार कुत्रं मग पक्षी शोधतच नाही, आपला माग काढत जातं.

म्हणून लावे घरी वाढवा. बॉबव्हाइट या अमेरिकी लाव्याची अंडी २३ दिवसांत फुटतात, जपानी लाव्याची १७-१८ दिवसांत. उबवणी यंत्र पंख्याचं असेल तर तापमान ३७.५ अंश सेल्सिअस. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत, दमटपणा वाढवायचा. पिल्लू निघतं ते भुंग्याएवढं. बोटभर पाण्यातही बुडतं, म्हणून पाण्याच्या ताटलीत खडे किंवा गोट्या भरा. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंशांच्या आसपास, पुढं दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी. खाद्यात प्रथिनं २८ टक्क्यांच्या जवळपास हवीत. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य यांना पुरत नाही. कोंबड्यांबरोबर ठेवू नका. विष्ठेवाटे पसरणारा आतड्याचा व्रणरोग लाव्यांना पटापट मारतो, त्यासाठी खाली जाळीची जमीन बरी.

सहा ते आठ आठवड्यांनी लांब उड्डाण-पिंजरा. वरचं छत मऊ जाळीचंच हवं. लावा दचकला की सरळ वर उसळतो आणि कडक छतावर मान मोडून घेतो. मी स्वतः असा पक्षी हातात घेतलाय, अजून गरम होता. पिंजऱ्यात लपायला झुडपं ठेवा आणि गप्पा मारायला तिथं जाऊ नका. पक्षी माणसाळला की उडायला आळस करतो. पक्षी १४-१६ आठवड्यांचा होईपर्यंत धीर धरा.

बरं, चिठ्ठी आली. पाचच मिनिटं उरलीत म्हणे. सोडण्याचं भरभर सांगतो.

परतीचं खुराडं बांधा, म्हणजे सोडलेले लावे संध्याकाळी जिथं परत येतात ते. खांबांवर उंच, आत दाणापाणी आणि खाली एक नरसाळ्यासारखी जाळीची वाट. तिच्यातून आत येता येतं, बाहेर जाता येत नाही. थव्यातले निम्मेच सोडा, बाकीचे आत राहू द्यात. आपला हात न लावता दारातून बाहेर पडू द्या, गवतात स्थिरावू द्या, मग कुत्रं आणा. जपानी लाव्यावर या कामी भरवसा ठेवू नका, परत येतो तो बॉबव्हाइट.

कुत्र्याला लांब दोरी हवीच. पुढं सरकलं तर ओरडू नका, पक्षी उडू द्या. उडालेला पक्षी हीच शिक्षा. उडवणीची पेटी, म्हणजे कळ दाबली की आतला पक्षी वर उडवणारी, वापरत असाल तर कुत्र्याचं नाक पेटीशी असताना कळ दाबू नका. एकदा घाबरलेलं कुत्रं पुढं पक्ष्याचा वास आला तरी तोंड फिरवतं. पक्षी पाळायला, सोडायला परवाना लागतो का, ते आपापल्या ठिकाणी आधी विचारून घ्या.

आणि संध्याकाळी कुत्रं बांधून खुराड्यापासून दूर उभे राहा. आतले लावे शीळ घालायला लागतात, बाहेरून उत्तरं येतात. मग गवतातून एकेक जण पळत येतो, नरसाळ्याशी थांबतो, मान वळवून पाहतो आणि आत शिरतो. मोजून घ्या. एखादा कमी भरला तर खुराड्याबाहेर मूठभर दाणे टाकून ठेवा, सकाळी तो तिथंच घुटमळताना दिसतो.